तोफा सरल्या ती सुगी

हडंबा सुरू झाला की आधी तळपायाला कळतं, कानाला मागून. मळणीयंत्राला आमच्याकडं हडंबा म्हणतात, आणि यंत्रही नावासारखंच आहे, आडदांड. ट्रॅक्टरमागं डुलत येतं, सोयाबीनच्या गंजीजवळ उभं राहतं, आणि थोड्या वेळात सगळ्या शिवारावर पिवळट धुरळा चढतो. भुस्कट केसांत, भुस्कट चहाच्या कपात, दोरीवर वाळत घातलेल्या ओढणीत. वाळलेल्या शेंगांचा खमंग आणि डिझेलचा कडवट असा एक मिसळलेला वास कळंबपासून मांजरेच्या काठापर्यंत पसरतो. यंदाही पसरलाय. लोकांना तो आवडतो. घरात धान्य येण्याचा वास आहे तो. मलाही आवडायचा.

यंदा मी खिडकी लावून घेते.

गेल्या साली याच दिवसांत, याच धुरळ्यात बसून, आम्ही तिघं जण एका दूरच्या देशातलं तोफांचं रान मोबाइलवर रिकामं होताना बघत होतो. मी, माझी शाळेपासूनची मैत्रीण नसरीन, आणि तिचे सासरे बशीरचाचा. नसरीनचा नवरा मुजीब त्या रानात कामाला होता. रान रिकामं झालं की काम सरणार, काम सरलं की मुजीब घरी येणार, असं आम्ही धरून चाललो होतो. म्हणून एकेक ओळ सरली की आम्हाला आनंद व्हायचा. हे आज लिहायला नको वाटतं, पण व्हायचा.

देशाचं नाव लिहीत नाही. लपवायचं म्हणून नाही. नाव लिहिलं की वाचणारा लगेच बाजू घेतो. एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर मी रोज ऐकते. ज्याला बार्शीच्या पलीकडं काय आहे ते धड ठाऊक नाही, तो माणूस कुठल्या देशानं कुठलं शहर घ्यायला पाहिजे ते चहा ढवळत सांगतो. क्रिकेटच्या मॅचसारखं. आज यांच्या इतक्या तोफा उडाल्या, त्यांच्या तितक्या उडाल्या. मग बिस्कीट बुडवायचं. मला त्यांच्या मॅचमध्ये मुजीबला उतरवायचं नाही.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. आमची छोटी संघटना आहे, चार टाळकी आणि एक सायक्लोस्टाइल गेल्यापासूनचा कुरकुरणारा प्रिंटर. वाक्य आखूड ठेवायचं, पहिल्या ओळीत चोराचं नाव, शेवटच्या ओळीत मागणी, हे मला तिथं शिकवलं. त्या सुगीच्या आधीच्या साली आम्ही एका डोंगराचं पत्रक काढलं होतं. बालाघाटाच्या एका फाट्यावरचा गावठाणामागचा डोंगर मुरुमासाठी पोखरून पार सपाट केला होता, आणि कागदोपत्री तो अजून तिथंच उभा होता. उपग्रहाची फुकट मिळणारी चित्रं मी तेव्हा पहिल्यांदा उघडली. दर काही दिवसांनी एक यंत्र आपल्या डोक्यावरून जातं आणि खालचं सगळं टिपून ठेवतं. चित्र धूसर असतं. घर म्हणजे पांढरा ठिपका, रस्ता म्हणजे दोरा. पण डोंगर दिसतो, आणि डोंगर नसला की तेही दिसतं. मी दोन चित्रं शेजारी शेजारी छापली. पहिल्यात डोंगर, दुसऱ्यात खड्डा. खाली मागणी. डोंगर काही परत आला नाही, पण ते पत्रक गावागावात भिंतींना चिकटलं, आणि अर्चना म्हणजे वरनं बघणारी पोरगी असं माझं नाव झालं.

त्याच नावापायी नसरीन माझ्याकडं आली.

बशीरचाचांचं वर्कशॉप कळंबच्या बाहेर, डांबरी रस्त्याला लागून आहे. हडंबे दुरुस्त करणं, जुने विकत घेऊन नवे करणं, सुगीत भाड्यानं देणं. वर्कशॉपमागं मोकळी जागा आहे, तिथं हे हडंबे वर्षभर ओळीनं उभे असतात. पावसाळ्यात गवत त्यांच्या चाकांपर्यंत, मग चाळणीपर्यंत चढतं. वेल वर जातात. एखाद्या ड्रममध्ये साळुंकी घरटं करते. बघणाऱ्याला वाटतं, भंगार आहे. मग गणपती उठले की चाचा आणि मुजीब गवतात शिरायचे. गंजून बसलेल्या नटांना डिझेल पाजून ठेवायचं, गॅसच्या ज्योतीवर तापवायचं, मग घण. ज्याचं काहीच होण्यासारखं नाही त्याचे दाते काढून दुसऱ्याला लावायचे. आठवडाभर ठणठणाट. आणि मग एकेक हडंबा गवतातून उठून बाहेर यायचा, जसा काही झोपेतून उठवलाय.

मुजीबला हे काम आवडायचं. पण हे काम सुगीपुरतं. बाकीचं वर्ष कारखान्याच्या हंगामात वेल्डिंग, नाहीतर खिडक्यांच्या जाळ्या. मग एक एजंट आला. परदेशात गोदाम आहे, जुनी यंत्रं दुरुस्त करायची आहेत, हेल्पर पाहिजेत, वर्षाचा करार. करार ज्या लिपीत होता ती मुजीबला सोडा, त्या एजंटालाही वाचता येत नसावी. मी नसरीनला म्हटलं होतं, जाऊ देऊ नको. ती म्हणाली, “तुला सगळ्यातच चोर दिसतो अर्चे. एखादं काम नुसतं काम बी असतंय.”

मुजीब गेला. पोचल्या पोचल्या त्यानं बायकोला मोबाइलवर आपली जागा पाठवली. आमच्याकडची पोरं तुळजापूरला गेली तरी जागा पाठवतात, हा तर पार तिकडं. नकाशावर हिरवट पट्टा, त्यात एक निळा ठिपका. दुसऱ्या दिवशी त्याचा मोबाइल काढून घेतला. गोदाम सैन्याचं होतं, हे आम्हाला त्यानंतर कळलं.

नसरीन आली तेव्हा मी प्रिंटरशी भांडत होते. तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला.

“डोंगराचं चित्र जिथनं काढलंस, तिथनं हे निघंल का?”

“काय हे?”

“मुजीब हाय.”

“ठिपका आहे गं नसरीन. तोही पहिल्या दिवसाचा.”

“आसू दे. तेवढाच हाय माझ्याकडं.”

मी त्या ठिपक्यावर गेले. फुकटच्या धूसर चित्रात आधी नुसतं रान दिसलं, चहूबाजूंनी झाडी, एका अंगानं रेल्वेचा वाक. रानात करड्या रेघा. कुणी तरी फणीनं माती विंचरून ठेवावी तशा, ओळीला ओळ लागून. त्या काय आहेत ते मला कळेना. मग शोधता शोधता कळलं की हे रान जगात पुष्कळांना माहीत आहे. त्या देशानं आजोबांच्या काळापासून जमवलेल्या तोफा अशा उघड्या रानांत ओळीनं उभ्या करून ठेवल्या आहेत, पावसात, बर्फात. युद्ध लागलं तशा त्या काढून नेत आहेत. आणि परदेशातली काही हौशी माणसं वर्गणी करून उपग्रहाची महागडी, स्वच्छ चित्रं विकत घेतात आणि राहिलेल्या तोफा मोजतात. एकेक. नळी कुठली, चाकं कुठली, सावली किती लांब, यावरून जात ओळखतात. मग तक्ते टाकतात. अमुक रान अर्धं सरलं. तमुक रान तळाला लागलं. खाली लोक अभिनंदन करतात.

त्यांचं एक स्वच्छ चित्र मी चाचांच्या वर्कशॉपात नेऊन दाखवलं. सुगी तोंडावर होती, चाचांचे हात ग्रीसनं काळे. त्यांनी मोबाइलला हात लावला नाही, नुसते वाकले.

“मुंग्याची रांग हाय की.”

“तोफा आहेत चाचा.”

“एवढ्या?” ते आणखी वाकले. “आन् गवतात ठेवलेत. आपल्यावानीच.”

नसरीन म्हणाली, “ह्यात ते कुठं असतील?”

मला सांगावं लागलं की इतक्या वरून माणूस दिसत नाही. तोफ दिसते, तोफेची सावली दिसते, ट्रक दिसतो. माणूस त्या चित्राला लहान पडतो. ती ऐकून घेत होती, आणि बोटानं चित्र मोठं करत होती. मोठं करून करून शेवटी नुसते चौकोन उरले, करडे आणि हिरवे. त्यातल्या एका चौकोनाकडं ती बघत राहिली.

मुजीबचा फोन यायचा, कधी तरी, कुणाच्या तरी फोनवरून, घाईघाईनं. नसरीन तो मोठ्या आवाजावर ठेवायची. त्याचा आवाज मला अजून तसाच्या तसा ऐकू येतो. दुसरा कुणी रडला असता. हा हसायचा.

“आगं काय न्हाय, आपलंच काम हाय हे. गवतात उभे हडंबे. चाकं रुतलेली मातीत. डिझेल पाजा, तापवा, हाणा. ह्याची नळी काढून त्याला, त्याचं चाक काढून ह्याला. इथले गडी मला लई मोठा इंजिनीअर समजायलेत.”

“जेवता का काय?” नसरीन.

“जेवतो की. बटाटा, बटाट्याच्या जोडीला बटाटा.”

चाचा लांबूनच ओरडून विचारायचे, “थंडी कशी हाय रे?”

“अब्बा, ग्रीस गोठायलंय. माझं तुमी इच्यारूच नका.” आणि मग दर वेळी एकच प्रश्न. “आपले निघाले का? किती राहिले मागं?”

चाचा मागं वळून आपल्या गवतातल्या ओळीकडं बघायचे आणि सांगायचे, थोडे राहिलेत. तिकडं मुजीब सांगायचा, इकडं बी थोडे राहिलेत.

बाप आणि लेक एकमेकांना आपापलं रान सांगत होते. एका रानातून निघालेलं यंत्र शेंगा फोडायला जात होतं. दुसऱ्यातून निघालेलं घरं फोडायला. दोन्हींचे नट कधी ना कधी एकाच माणसानं सैल केले होते. मी हे त्या वेळी चाचांना बोलून दाखवलं असतं तर त्यांनी मला हाकललं असतं, आणि बरोबरच केलं असतं. त्यांच्या लेखी पोरगा यंत्र दुरुस्त करत होता. मुजीबच्या लेखीही. एकदा फक्त तो मध्येच थांबून म्हणाला होता, “आपला हडंबा कुठं गेला ते आपल्याला कळतंय. फलाण्याच्या शेतात. हे कुठं जायलेत, कुणी सांगत न्हाय.” नसरीननं लगेच दुसरं काही तरी विचारलं.

आता काम सरलं की माणूस घरी येतो, त्या समजुतीबद्दल. ती कुणा एकाची नव्हती. आमच्या या भागाची आहे ती.

आमच्या जिल्ह्यातली अर्धी माणसं हंगामानं जगतात. ऊसतोडीला टोळी जाते ती कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत. पट्टा पडला म्हणजे ऊस संपला, गाळप बंद झालं. त्या दिवशी शेवटची गाडी सजवतात, गुलाल उडतो, हलगी वाजते, आणि टोळी घरी निघते. मुकादम कितीही नालायक असो, पट्टा पडल्यावर टोळीला थांबवत नाही. थांबवून करणार काय? तोडायला काही उरलेलंच नसतं. लहानपणापासून आम्ही हे बघत आलो. काम हे ढिगासारखं असतं. ढीग मोठा असतो, मग लहान होतो, मग सरतो. सरला की माणूस मोकळा.

म्हणून नसरीननं जेव्हा विचारलं, “ह्या तोफा सरल्यावर काय?” तेव्हा चाचा सहज म्हणाले, “सरल्यावर काय, पट्टा पडला. ठेवून घेऊन काय करतील? फुकट जेवू घालतील का?” आणि मी, जिला सगळ्यात चोर दिसतो, ती मीसुद्धा मान हलवून मोकळी झाले. मी शांतता फेरीच्या पत्रकात एक वाक्य लिहिलं होतं. शेवटची तोफ सरेल तेव्हा शेवटचा सैनिक घरी येईल. त्या वाक्याला टाळ्या पडायच्या. मला वाटलं, हे तर माझंच वाक्य खरं होताना दिसतंय, आपल्या नसरीनच्या घरात.

ती सुगी आमची अशी गेली. सकाळी चाचांचा एखादा हडंबा ट्रॅक्टरला जोडून बाहेर पडायचा. दुपारी मी बाजार समितीच्या बाजूनं सायकल काढत जायचे तेव्हा रस्त्यावर सोयाबीनचे ढीग, पोती, वजनकाटे, हमालांच्या हाका. आडतीवरच्या मुंगळ्यांसारख्या गर्दीतून वर्कशॉपात पोचायचं. नसरीन हात पुसत यायची. “आलं का नवं?” उपग्रह त्या रानावरून गेला असेल तर नवं चित्र आलेलं असायचं. कधी ढग असायचे, मग सगळं चित्र कापसासारखं. ती ढगांना शिव्या द्यायची. त्यांच्यात शिव्या देत नाहीत असं सासूनं सांगून ठेवलं होतं, सासू वारल्यापासून देते म्हणाली.

ढग नसले की आम्ही तिघं वाकायचो. कडेची ओळ गेली. रेल्वेच्या वाकाजवळची गेली. तोफ अनेक वर्षं उभी राहिलेल्या जागी गवत वेगळं उगवतं, फिकट. ओळ उचलली की त्या फिकट खुणा मागं राहतात, दात पडलेल्या हिरडीसारख्या. मी सांगायचे, हे बघा, इथं होत्या, आता नाहीत. नसरीन म्हणायची, “लवकर न्या रे बाबांनो. न्या सगळ्या.” त्या कुणावर डागल्या जाणार हे तिला माहीत नव्हतं का? होतं. मलाही होतं. त्या तोफांच्या टोकाला दुसऱ्या कुणाची तरी नसरीन असणार, हे कळण्याइतक्या आम्ही दोघी शिकलेल्या आहोत. पण जिचा नवरा रानात आहे, तिला रान दिसतं.

एक ओळ सरली त्या दिवशी तिनं गोड भात केला, केशरी रंगाचा. मला वाटीभर दिला आणि म्हणाली, “मागणी बिगणी काय करू नको आज. नुसतं खा.” चाचा तेरखेड्याला कुणाचा हडंबा दुरुस्त करायला गेले होते, तिथून फटाक्यांचा एक डबा घेऊन आले. आमच्या भागात फटाका म्हणजे तेरखेड्याचाच. दिवाळी जवळ होती, पण डबा दिवाळीसाठी नव्हता. मुजीब आला की लावायचा. चाचांनी तो वर्कशॉपच्या फळीवर, ऑइलच्या कॅनमागं ठेवला. नसरीन म्हणाली, “अब्बा, वेल्डिंगची ठिणगी उडाली म्हंजे?” मग तो घरात गेला, फडताळात.

मग इकडं गंजी कमी झाल्या. आभाळ निवळलं, सकाळी पायाला थंडी लागायला लागली, ज्वारी पेरायला पाभरी निघाल्या. चाचांचे हडंबे एकेक करून परत यायला लागले. धुरळ्यानं माखलेले, एखाद्याचं चाक बसलेलं, एखाद्याच्या चाळणीत शेंगा अडकलेल्या. प्रत्येक जण आपल्याच जागेवर जाऊन उभा राहायचा. जमिनीवर प्रत्येकाचा पिवळा चौकोन तयार असतोच, गवतानं राखून ठेवलेला. तिकडच्या रानावर बर्फ पडला. पांढऱ्या कागदावर रेघ ओढावी तसं सगळं स्वच्छ दिसायला लागलं. मोजणाऱ्या लोकांनी लिहिलं, हे रान संपलं. जे उभं दिसतं ते सांगाडे आहेत, नळ्या काढून नेलेले. घेण्यासारखं काही उरलेलं नाही. खाली नेहमीसारखी अभिनंदनं होती.

मी चाचांना जाऊन सांगितलं. चाचांनी हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. सुगीत पहिल्यांदाच.

त्यानंतर मुजीबचा फोन आला. तो ओरडतच होता. मागं गाड्यांचा आवाज होता.

“पट्टा पडला गं. पडला पट्टा. सगळ्यास्नी गाडीत बसवायलेत. अब्बांना सांग, एक बी ठेवला न्हाय मागं, सगळे चालू करून दिले.”

“कवा येता?” नसरीन.

“आगं आता गाडीत बसायलोय. आता काय, आलोच.”

चाचांनी फोन घेतला तोवर बंद झाला होता. त्या दिवशी वर्कशॉपात कामाला माणूस नव्हता, नाहीतर त्यांनी त्याला मिठी मारली असती. त्यांनी हडंब्याला थापटलं, जसं बैलाला थापटतात.

गाडी कुठल्या दिशेला गेली ते चित्रात होतं. मी नंतर बघितलं. बर्फावर चाकांच्या रेघा होत्या, काळ्या, ठळक, आणि त्या स्टेशनाकडं गेलेल्या नव्हत्या. सगळ्या तोफा ज्या वाटेनं गेल्या होत्या त्याच वाटेनं गेल्या होत्या.

हे मला कुणी सांगण्याआधी दिसलं होतं आणि तरी मी ते आठ-पंधरा दिवस मनाला मानू दिलं नाही. मग दुसऱ्या जिल्ह्यातला एक पोरगा लंगडत परत आला. त्याच्या गावी आमचे लोक जाऊन आले. तो असल्याच दुसऱ्या एका रानात होता. तो म्हणाला, रान सरलं की सोडत नाहीत. रान सरलं की बंदूक देतात. दुरुस्तीला काही उरलं नाही, पुढं माणसं पाहिजेत, चला. त्याला पुढं जाताच पायाला लागलं म्हणून तो वाचला. मुजीबला तो ओळखत नव्हता.

तर असं आहे. ऊस सरला की टोळी घरी येते. तोफा सरल्या की टोळीच वापरतात. मोजणारी माणसं ज्याला संपलं म्हणत होती, ते संपलं नव्हतं, त्याचा पुढचा ढीग वेगळ्या मालाचा होता. तो वरून दिसत नाही, कारण तो चित्राला लहान पडतो.

मला राग आहे. तो लपवून लिहायचं मला जमत नाही. एजंटाचा राग आहे, तो आजही मोटारसायकलवर फिरतो. ज्या कार्यालयात आम्ही गेलो, तिथं स्वखुशीनं गेला आहे म्हणून फाइल मिटली, त्यांचा आहे. तक्त्याखाली टाळ्या वाजवणाऱ्यांचा आहे, आणि ती माणसं वाईट नाहीत, युद्ध थांबावं असंच त्यांना वाटतं, म्हणून जास्तच आहे. मी पत्रक लिहायला बसले होते. पहिल्या ओळीत चोराचं नाव लिहायचं असतं. मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ओळ लांबच होत गेली, पत्रकात मावेना. शेवटच्या ओळीला मागणी लिहायची. मुजीबला परत द्या. कुणी? त्या रानाचा मालक कोण, जिथं आता बर्फही नाही आणि तोफाही नाहीत? ते पत्रक निघालं नाही. आमच्या प्रिंटरनं ते एकच छापलं नाही.

तेव्हापासून फोन नाही. गेला म्हणून निरोप नाही, आहे म्हणूनही नाही. फडताळातला डबा तिथंच आहे. यंदाच्या पावसात बारूद सादळली असेल. नसरीननं तो हलवू दिला नाही, कुणी विचारलंही नाही.

ती मला अजून विचारते. आडतीवर, दळणाला जाताना, कुठंही. “बघितलंस का?” मी बघते. त्या रानात आता हिरवं गवत आहे. फिकट खुणाही भरून येत चालल्या आहेत. पुढच्या वर्षी तिथं काही होतं हे सांगावं लागेल. मी तिला खरं तेच सांगते, रिकामं आहे. ती म्हणते, बघत राहा.

परवा मी वर्कशॉपात गेले. सुगी भरात आहे, आभाळ भरून येतंय, लोकांची धावपळ चालली आहे. मागची जागा मोकळी झाली होती, उंच गवतात पिवळे चौकोन. फक्त एक हडंबा ओळीच्या टोकाला उभा होता, ताडपत्री घातलेला. तो मी ओळखला. जायच्या आधी मुजीबनं शेवटचा केला होता तो, जुन्या दोन मोडक्यांचा मिळून एक. वरची बाभळीची फांदी कुणी तरी ताजी तोडलेली होती.

मोटारसायकलवर एक शेतकरी आला होता. तो चाचांना विनवत होता.

“चाचा, हा उभा आहे की. द्या की मला. गंजी भिजली तर काय करू?”

“बिघडलाय.”

“काय बिघडलंय?”

चाचांनी हातातला पाना पुसायला घेतला. शेतकऱ्यानं हडंब्याकडं बघितलं, चाचांकडं बघितलं, आणि माणूस गावचाच असल्यामुळं पुढं काही न विचारता गाडीला किक मारली. चाचांनी मागून सांगितलं, सांजच्याला दुसरा मोकळा होतोय, तुमच्याकडंच आधी धाडतो.

मी ताडपत्रीखाली हात घालून हडंब्याचा बेल्ट दाबून बघितला. ताठ होता. ग्रीस ताजं होतं.

“चाचा, चांगला आहे की हा.”

“चांगला हाय बेटा.” ते गवताकडं बघत होते. “सगळे गेले असं वरनं दिसाया नको. एक तरी जाग्यावर आसू दे.”

नसरीन चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देताना तिनं वर बघितलं. “आज जाणार हाय ना ते तुझं? आपल्यावरनं?”

“आज जाणार आहे.”

“ढग हायत.”

“आहेत.”

पहिला गार वारा आला, गवत एका बाजूला झोपलं. लांबच्या शिवारातला हडंबा थांबला, म्हणजे तिकडं लोकांनी झाकाझाकीला सुरुवात केली होती. सगळ्या कळंबात त्या घडीला ताडपत्र्या पसरल्या जात असणार. चाचा उठले, ओळीच्या टोकाला गेले आणि त्या एका हडंब्यावरच्या ताडपत्रीची दोरी सोडायला लागले. नसरीननं कप खाली ठेवला आणि एक टोक धरलं. दुसरं मी धरलं, आणि ताडपत्री मागं ओढली.